आधी भिंत कोरडी, मग वजन

बुरशीमुळे दीर्घकाळ आजारी राहिलेल्या माणसाला वजन कमी करायचे असते तेव्हा त्याच्या मनात एक विशिष्ट भीती घर करून असते. बुरशीचे विष अंगातल्या चरबीत साठलेले आहे, चरबी उतरू लागली की ते रक्तात येईल आणि आजार पुन्हा उसळेल, अशी ती भीती आहे. तिच्यापोटी काही जण वजन उतरवण्याचा विचारच सोडून देतात, तर काही जण ‘विष बाहेर काढण्या’च्या पुड्या, लांबलचक उपवास आणि वाफारे यांवर पैसा व प्रकृती दोन्ही खर्ची घालतात. हे दोन्ही टाळता येते. त्यासाठी चरबीत काय साठते आणि काय साठत नाही हे एकदा नीट समजून घ्यावे लागते आणि कामाचा क्रम ठरवावा लागतो. नागपूरच्या हवेत हा क्रम भिंतीपासून सुरू होतो; ताटाची पाळी नंतर येते.

आजाराचे नाव नीट लावणे

‘बुरशीचा आजार’ या एका नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी वावरतात. पहिली म्हणजे संसर्ग, ज्यात बुरशी शरीरात प्रत्यक्ष वाढते. २०२१ च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने, म्हणजे तेव्हा ‘काळी बुरशी’ म्हटल्या गेलेल्या आजाराने, नागपूरकरांना जे दाखवले ते हेच होते, आणि त्यात आटोक्यात नसलेला मधुमेह व स्टिरॉइडचा मारा यांचा वाटा मोठा होता. त्या दिवसांची आठवण अशी ताजी आहे की न्हाणीघराच्या कोपऱ्यातला काळा डाग पाहूनही माणसे दचकतात. तो डाग सहसा वेगळ्याच बुरशीचा असतो. दुसरी गोष्ट म्हणजे ॲलर्जी. बुरशीचे बीजाणू आणि तिचे सूक्ष्म तुकडे श्वासातून जातात आणि ज्याचा देह त्यांना शत्रू मानतो त्याला शिंका, चोंदलेले नाक, दमा, आणि काही रुग्णांत छातीचे डॉक्टर ज्याला ‘एबीपीए’ म्हणतात तो ॲस्परजिलस बुरशीशी निगडित फुप्फुसाचा आजार होतो. तिसरी गोष्ट म्हणजे बुरशीने तयार केलेल्या विषाची, अर्थात मायकोटॉक्सिनची बाधा. ती जिथे नि:संशय सिद्ध झाली आहे तिथे बहुतेक वेळा विष अन्नातून पोटात गेलेले आढळते. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाण्यात येऊन शंभरावर माणसे यकृताच्या आजाराने दगावली, हे आपल्या देशातले सर्वांत दुःखद उदाहरण आहे.

ओलसर घराचे काय, हा प्रश्न उरतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला, तेव्हा घरातली ओल व बुरशी यांचा खोकला, छातीतली घरघर आणि दम्याचा जोर यांच्याशी स्पष्ट संबंध दिसून आला. याच्या पलीकडे जाऊन अमेरिकेतील डॉ. रिची शूमेकर यांनी अशी मांडणी केली आहे की ओलसर इमारतीतल्या वास्तव्याने संबंध शरीरात रेंगाळणाऱ्या दाहाचा एक स्वतंत्र आजार होतो, भूक आणि चरबी यांचा हिशेब ठेवणारे लेप्टिन हे संप्रेरक त्यात बिघडते आणि वजन वाढते. मुख्य प्रवाहातल्या वैद्यकीय संस्थांनी ही मांडणी स्वीकारलेली नाही. तरीही ज्याचे अंग आठ महिने जड आहे, नाक वाहते आहे आणि वजन दहा किलोने वाढले आहे, त्याची तक्रार खरीच असते. कारण मात्र डोळे उघडे ठेवून शोधावे लागते.

चरबीत काय साठते

चरबीत साठणारी विषे असतात, यात शंका नाही. डीडीटी आणि त्यापासून शरीरात बनणारे डीडीई, लिंडेन या कीटकनाशकाच्या कुळातली रसायने, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात असणारे पीसीबी ही सगळी क्लोरीनयुक्त रसायने पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, तेलात मात्र सहज विरघळतात, आणि शरीराला ती लवकर फोडता येत नसल्यामुळे वर्षानुवर्षे चरबीत पडून राहतात. भारतात शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ साली थांबवण्यात आला, पण हिवतापाच्या डासांवर त्याची फवारणी पुढेही होत राहिली. एंडोसल्फान या कीटकनाशकावर सर्वोच्च न्यायालयाची बंदी २०११ साली आली. तेव्हा माझ्या पिढीच्या माणसाच्या अंगात या रसायनांचा थोडाफार अंश असणार, हे गृहीत धरावे. कीटकनाशक म्हटले की आपल्याकडे २०१७ चे यवतमाळ आठवते, परंतु फवारणी करताना शेतकऱ्यांना झालेली ती बाधा तत्काळ होणारी होती; चरबीत हळूहळू साठण्याचा हा विषय तिच्याहून निराळा आहे.

वजन उतरते तेव्हा ही क्लोरीनयुक्त रसायने चरबीतून सुटून रक्तात येतात आणि रक्तातली त्यांची पातळी काही काळ वाढते, हे मोजून पाहिलेले आहे. जठराच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे वजन झपाट्याने घटते त्यांच्यात ही वाढ अधिक ठळक दिसते. म्हणजे भीती अगदीच निराधार नाही, पण ती चुकीच्या पत्त्यावर जाऊन पोचली आहे, कारण बुरशीची विषे या जातीची नाहीत. भुईमूग, मका आणि मिरची यांवरच्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन यकृतात बदलते आणि त्याचा बराच भाग काही दिवसांत लघवी व शौचावाटे निघून जातो. जो अंश रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो तो त्या प्रथिनाच्या गतीने, म्हणजे दर तीनेक आठवड्यांनी निम्मा होत जातो. गहू-मक्यातले डीऑक्सिनिव्हॅलेनॉल बहुतांशी एका दिवसात लघवीतून बाहेर पडते. सर्वांत रेंगाळणारे ऑक्राटॉक्सिन-ए हे आहे, आणि माणसाच्या रक्तात ते निम्मे व्हायला सुमारे ३५ दिवस लागतात; परंतु तेही मुख्यतः अल्ब्युमिनला धरून राहते. साधा हिशेब केला तर त्याचा स्रोत बंद झाल्यावर सहा महिन्यांत त्याचे प्रमाण मूळच्या तीन टक्क्यांच्या आसपास येते. झिअरालेनोनसारखे एखादे विष थोडे तेलात विरघळणारे असते, पण यकृत तेही बदलून बाहेर टाकते.

यातून कामाचा निष्कर्ष असा निघतो. जे विष काही आठवड्यांत जाते ते महिनोन्‌महिने त्रास देत असेल, तर ते रोज नव्याने आत येत आहे किंवा त्रासाचे कारण दुसरेच आहे. या दोहोंपैकी काय खरे आहे, ते वजनाला हात लावण्यापूर्वी पाहायचे आहे.

घराची ओल

नागपूरच्या घराला वर्षातून दोनदा ओल मिळते: एकदा आपण पैसे देऊन आणलेली, आणि एकदा आभाळातून आलेली. पहिली कूलरची. मार्च ते जून आपण खिडकीत कूलर बसवतो, आणि तापमान पंचेचाळीसपार व हवा ठणठणीत कोरडी असताना तो आपले काम चोख करतो. अडचण तेव्हा होते जेव्हा थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून समोरची खिडकी आणि दार आपण घट्ट बंद ठेवतो. कूलरची हवा एका बाजूने आत यावी आणि दुसऱ्या बाजूने बाहेर जावी अशीच त्याची रचना आहे. वाट बंद केली की खोलीत दमटपणा साचतो, कपाटामागची भिंत, गादीची खालची बाजू आणि कपड्यांचे गाठोडे ओल धरते. त्यातच कूलरच्या बाजूंना लावलेला वाळ्याचा किंवा लाकडाच्या तुसाचा थर गेल्या वर्षीचाच असेल, तर त्यावर वाढलेली बुरशी पंखा थेट तोंडावर फेकतो. म्हणून हा थर दर हंगामात नवा घालावा, टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासावी (डेंग्यूसाठीही हेच सांगितले जाते) आणि रात्री झोपताना समोरची खिडकी किमान चार बोटे उघडी ठेवावी. पहिला मोठा पाऊस पडला की कूलर बंद करावा, कारण त्यानंतर तो थंडावा कमी आणि ओल जास्त देतो. झाकून ठेवण्याआधी पाणी न भरता नुसता पंखा अर्धा दिवस चालवून तो आतून खडखडीत वाळवावा. ही शेवटची गोष्ट करणारी घरे मी फार थोडी पाहिली आहेत.

दुसरी ओल पावसाची. गच्चीच्या भेगा, कठड्याचा तळ, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि कूलरच्या खिडकीखालचा भाग या चार जागा आधी पाहाव्यात. पोपडे, मिठासारखा पांढरा थर, रंगाचे फुगे आणि कपाट उघडताच येणारा कुबट वास ही ओल सांगणारी लक्षणे आहेत. आमच्या घरी एका रंगकाम करणाऱ्याने अशा भिंतीवर पुट्टी आणि महागडा रंग चढवून दिला. दसऱ्याला भिंत देखणी दिसली आणि पुढच्या श्रावणात रंगासकट पापुद्रे हातात आले. पाणी जिथून येते ती जागा बंद केल्याशिवाय वरून काहीही लावणे म्हणजे बुरशीला पांघरूण घालणे आहे. डागडुजीला योग्य काळ एप्रिल-मेचा असतो, कारण भिंत तेव्हाच आतपर्यंत वाळते.

काही शे रुपयांत मिळणारे आर्द्रतामापक यंत्र या सगळ्या प्रकरणात सर्वांत उपयोगी खरेदी आहे. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली, जमल्यास ५० च्या आसपास असावी. ऑगस्टमध्ये बाहेरच्याच हवेत आर्द्रता ८० च्या वर असते, तेव्हा खिडक्या उघडून ती घटणार नाही. त्या काळात स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातले एक्झॉस्ट पंखे चालवावेत, कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नयेत, कपाटे भिंतीपासून चार इंच पुढे ओढावीत, आणि एसी असल्यास तो ड्राय मोडवर काही तास लावावा. काही सांडले किंवा पाणी शिरले तर एक-दोन दिवसांच्या आत ती जागा कोरडी व्हायला हवी. त्यानंतर बुरशी मूळ धरते.

साफसफाई आजारी माणसाने स्वतः करू नये. डाग दहा चौरस फुटांच्या आतला असेल तर घरातल्या निरोगी माणसाने एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घालून साबणाच्या पाण्याने तो घासून काढावा आणि जागा पूर्ण वाळवावी. त्याहून मोठा असेल तर माहीतगार कारागिराला बोलवावे. कोरड्या झाडूने किंवा ब्रशने खरवडल्यास बीजाणू घरभर उडतात. फरशीवर ब्लीच वापरल्यास चालते, पण त्यात न्हाणीघर धुण्याचे ॲसिड किंवा अमोनिया असलेले द्रावण कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो. पीओपीच्या छतात पाणी मुरून बुरशी आत गेली असेल तर तेवढा भाग कापूनच काढावा लागतो. कापसाच्या गादीबाबत आपल्याकडे पिंजून घेण्याची रीत आहे, परंतु बुरशी लागलेला कापूस पिंजला की तिचे कण साऱ्या कापसात पसरतात. अशा गादीत नवाच कापूस भरून घ्यावा. उन्हात टाकल्याने बुरशी मरते हे खरे, पण मेलेल्या बुरशीचे कणही ॲलर्जी उठवतात, म्हणून धुता येते ते ऊन दाखवून झाल्यावर धुवावे.

पोटात जाणारी बुरशी थांबवायला फार कष्ट पडत नाहीत, आणि पैसाही लागत नाही. शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, काळपट आणि चवीला कडू दाणे बाजूला काढावेत, कारण अफ्लाटॉक्सिन अशाच थोड्या दाण्यांत एकवटलेले असते आणि भाजण्या-शिजवण्याच्या उष्णतेने ते पुरते नष्ट होत नाही. लाकडी घाण्याच्या तेलाची सध्या आवड वाढली आहे. शेंगदाणा तेल शुद्ध करताना हे विष निघून जाते, घाण्याच्या तेलात ते उरू शकते, तेव्हा दाणे निवडून घेणाऱ्या घाण्यावरूनच ते घ्यावे. वर्षाची मिरची पूर्ण वाळल्यावरच भरावी आणि पावसाळ्यात डबा उघडून एकदा पाहावा. संत्र्याच्या टोपलीत एका फळावर हिरवी-निळी बुरशी दिसली तर ते फळ टाकावे, शेजारची धुऊन घ्यावीत, आणि तेवढा भाग कापून उरलेले खाण्याची काटकसर करू नये.

वजन कशाने वाढले ते आधी पाहणे

ओलीची व्यवस्था लागली की डॉक्टरांकडे जाताना औषधांची सगळी पाकिटे सोबत न्यावीत. माझ्या पाहण्यात आलेल्या अशा रुग्णांपैकी अनेकांच्या वजनवाढीचे उत्तर पाकिटावरच लिहिलेले होते. दमा किंवा एबीपीएसाठी महिनोन्‌महिने घेतलेले प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड भूक वाढवते, पोट आणि चेहऱ्यावर चरबी चढवते आणि साखर वर नेते. बुरशीविरोधी इट्राकोनाझोल सोबत चालू असेल तर मिथिलप्रेडनिसोलोन किंवा श्वासातून घ्यायचे ब्युडेसोनाइड या स्टिरॉइडांचा परिणाम शरीरात अपेक्षेपेक्षा अधिक होऊ शकतो, आणि हे बोलून दाखवल्याशिवाय ध्यानात येत नाही. ॲलर्जीसाठीच्या गोळ्यांपैकी सायप्रोहेप्टाडिन तर भूक वाढवण्यासाठीच प्रसिद्ध आहे. मात्र स्टिरॉइड स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करणे जिवावर बेतू शकते, कारण दीर्घकाळ गोळी घेणाऱ्याची, शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड बनवणारी अधिवृक्क ग्रंथी आपले काम विसरलेली असते. मात्रा डॉक्टरच उतरवतील.

त्याच भेटीत थायरॉइडची टीएसएच, तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए१सी आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. बुरशीसाठी फुंकर मारून करायची फुप्फुसांची स्पायरोमेट्री, रक्तातल्या ॲलर्जीच्या प्रतिपिंडांची एकूण आयजीई आणि ॲस्परजिलससाठीची विशिष्ट आयजीई या उपयोगी चाचण्या आहेत, आणि त्यांची गरज छातीच्या डॉक्टरांनी ठरवावी. लघवीतले मायकोटॉक्सिन मोजून ‘तुमच्या अंगात इतके विष आहे’ असे सांगणाऱ्या चाचण्यांवर खर्च करू नये: अन्नातून थोडे मायकोटॉक्सिन जवळपास प्रत्येकाच्या पोटात जाते आणि लघवीत दिसते, त्यावरून घरातल्या बुरशीने आजार झाला हे ठरत नाही. घोरणे, झोपेत श्वास अडकणे आणि दिवसा पेंग येणे ही लक्षणे असतील तर तीही सांगावीत. चोंदलेल्या नाकाने झोपमोड झालेला माणूस दिवसभर गोड-तेलकट शोधत फिरतो, त्याला विषाची उपपत्ती लावण्याची गरज नसते.

वजन किती आणि कसे उतरवावे

आपल्या लोकांसाठी वजन आणि उंची यांचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे स्थूल मानला जातो. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. चरबीत साठलेल्या क्लोरीनयुक्त रसायनांचा विचार केला तर वेग हाच कळीचा मुद्दा आहे. आठवड्याला फार तर अर्धा किलो या गतीने वजन उतरले तर रक्तात येणारा अंश थोडा-थोडा येतो, स्नायू टिकतात आणि झपाट्याने वजन घटवणाऱ्यांना जडणारे पित्ताशयाचे खडे टळण्याची शक्यता वाढते. ८० किलोच्या माणसाने सहा महिन्यांत चार ते आठ किलो हे उद्दिष्ट ठेवावे. वजनाच्या पाच ते दहा टक्के एवढी घटदेखील स्थूल दमेकऱ्याचा श्वास सुधारायला पुरते, आणि हा लाभ त्या रासायनिक अंशाच्या भयापेक्षा कितीतरी ठोस आहे. स्तनपान देणाऱ्या आईने मात्र या काळात झटपट वजन उतरवण्याच्या मागे लागू नये, कारण चरबीत विरघळणारी ती रसायने दुधातही उतरतात. स्तनपान थांबवण्याचे मात्र काहीच कारण नाही.

ताट बदलताना नागपूरची चव सोडावी लागत नाही, तेल मोजावे लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी वा अंडी-मांस, ४०० ग्रॅम भाज्या आणि २७ ग्रॅम तेल-तूप सांगितले आहे. सावजी रश्श्यावरची तर्री एका बैठकीत ही तेलाची शिधा संपवते. रस्सा आवडत असेल तर तो महिन्यातून एकदा खावा, वरची तर्री काढून. एरवी ज्वारीची भाकर, तुरीचे घट्ट वरण, पालेभाजी, वाटीभर दही किंवा ताक, आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, चटणी ही जेवणे अशीच ठेवून भाकरीचे प्रमाण एकाने कमी करावे आणि वरणाचे एका वाटीने वाढवावे. दिवसाला ५०० कॅलरींची तूट एवढ्याने आणि संध्याकाळच्या तळलेल्या पदार्थांना फाटा दिल्याने बऱ्याचदा साधते. प्रथिने वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ग्रॅमच्या वर असावीत, नाहीतर चरबीऐवजी स्नायू जातात. शाकाहारी घरात हा आकडा गाठणे कठीण असते, आणि तिथे विदर्भाचे स्वतःचे पीक असलेला सोयाबीन कामास येतो: ५० ग्रॅम सोयावड्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. थायरॉइडची गोळी घेणाऱ्याने ती आणि सोयाबीन यांत काही तासांचे अंतर ठेवावे.

चोथा वाढवण्यामागे एक नेमके कारण आहे. चरबीत विरघळणारी अनेक विषे यकृतातून पित्तावाटे आतड्यात उतरतात आणि तिथून पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. १९७५ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात होपवेल येथे क्लोर्डेकोन हे कीटकनाशक बनवणाऱ्या कामगारांना त्याची बाधा झाली, तेव्हा कोलेस्टिरॅमिन हे पित्ताला बांधून ठेवणारे औषध दिल्यावर ते विष शरीरातून लवकर बाहेर पडले. बुरशीच्या आजारात कोलेस्टिरॅमिन देण्याची कल्पना याच अनुभवाची सावली आहे, पण क्लोर्डेकोनसारखा पुरावा बुरशीबाबत नाही; शिवाय हे औषध बद्धकोष्ठ आणते आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वे, थायरॉइडची गोळी, रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन यांचे शोषण अडवते, त्यामुळे ते स्वतःहून घेऊ नये. जवस, मेथ्या, गवार आणि सालीच्या डाळी यांतला चोथा सौम्यपणे पित्ताला धरतो आणि शौच नियमित ठेवतो. जवस भाजून थोडेच कुटावेत, कारण कुटलेले जवस लवकर खवट होतात. दिवसाला एक-दोन चमचे चटणी, वर भरपूर पाणी, एवढे पुरे.

जे करू नये

दीर्घ निर्जळी उपवास आणि फक्त रसावर राहणे टाळावे, कारण चरबी एकाएकी फुटण्याची तीच वाट आहे. आपल्या नेहमीच्या उपवासाची गोष्ट निराळी. तिथे साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप यांमुळे ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हाच धोका अधिक असतो. घामावाटे विष काढण्याचा दावा ऐकला की मला नवल वाटते: घाम म्हणजे बहुतांशी पाणी आणि मीठ, आणि त्यातून विषे निघून जात असती तर मे महिन्यात दुचाकीवरून सीताबर्डी ते धरमपेठ जाणारा प्रत्येक नागपूरकर निर्विष झाला असता. उतरलेली चरबी जाते कुठे, याचे उत्तर श्वासात आहे. दहा किलो चरबी जळली तर साधारण ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांवाटे जाते आणि १.६ किलोचे पाणी होते. विष शोषण्यासाठी म्हणून घेतलेल्या कोळशाच्या गोळ्या चालू औषधे शोषून घेतात, आणि यकृत ‘धुण्या’साठी तेल पिण्याच्या ‘लिव्हर फ्लश’नंतर शौचात दिसणारे हिरवे गोळे हे पोटात गेलेल्या तेलाचेच साबणासारखे गोळे असतात.

चालणे आणि नोंद

चालायला अंबाझरी, फुटाळा किंवा सेमिनरी हिल्स कुठेही जावे, पण एप्रिल ते जूनमध्ये सकाळी सातच्या आत परतावे. दम्याच्या माणसाने पहिली दहा मिनिटे सावकाश चालावे आणि श्वासातून औषध घेण्याचा पंप खिशात ठेवावा. कुबट वासाच्या तळघरातल्या व्यायामशाळेत पैसे भरण्यापेक्षा घरी खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे आणि भिंतीला हात टेकून दंडांचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा केलेले बरे, कारण स्नायू टिकवण्याचे काम त्यानेही होते.

एका साध्या वहीत आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी वजन लिहावे. महिन्यातून एकदा कंबर मोजावी. आणि त्याच पानावर झोपायच्या खोलीतली आर्द्रता व फुंकरीचा जोर मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरवरचा आकडा नोंदवावा. वजन उतरत असताना खोकला किंवा जडपणा वाढला तर आधी आर्द्रतेचा रकाना पाहावा. ७०-७५ दिसत असेल तर चरबीला दोष देण्याचे कारण नाही. फुंकर आपल्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांखाली गेली तर डॉक्टरांना कळवावे, ५० टक्क्यांखाली गेली तर पंप घेऊन तडक रुग्णालय गाठावे. आहार न बदलता वजन आपोआप घटू लागले, दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला, संध्याकाळी ताप येऊ लागला किंवा थुंकीत रक्त दिसले, तर बुरशीचा विचार बाजूला ठेवून आधी क्षयरोगाची थुंकी तपासणी करावी. ती सरकारी रुग्णालयात मोफत होते.